वीस मिनिटांचा फेरफटका

ज्युरी विचार करायला आत गेली आणि न्यायाधीश फिरायला बाहेर पडले. नोव्हेंबर १९४६, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातलं कोलंबिया शहर. ज्युरी पाच मिनिटांत बाहेर येईल ही त्यांची भीती. म्हणून ‘वीस मिनिटांत येतो’ असं सांगून ते निघाले. न्यायाधीशच जागेवर नाही म्हटल्यावर निकाल ऐकवणार कुणाला? निदान तेवढा वेळ तरी त्या लोकांनी आत बसावं. अठ्ठावीस मिनिटांत निकाल आला. आरोपी निर्दोष.

आरोपी होता लिनवुड शल, एका लहान गावाचा पोलीसप्रमुख. आयझॅक वुडर्ड हा कृष्णवर्णीय सैनिक महायुद्ध संपवून घरी निघाला होता, अंगावर अजून गणवेश होता. बसच्या ड्रायव्हरशी बाचाबाची झाली, त्याला खाली उतरवलं गेलं आणि शलच्या मारहाणीत त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. ज्युरीतले सगळे गोरे होते. न्यायाधीशांचं नाव जे. वेटीज वेअरिंग.

रिचर्ड गर्गेल यांच्या ‘अनएक्झाम्पल्ड करेज’ (२०१९) या पुस्तकाचा हा कणा. गर्गेल स्वतः चार्ल्स्टनमध्ये फेडरल न्यायाधीश आहेत, म्हणजे वेअरिंग जिथे बसायचे त्याच कोर्टात. (आपल्याकडचा ‘जिल्हा न्यायाधीश’ डोळ्यांपुढे आणू नका. तिकडे फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टावर थेट राष्ट्राध्यक्ष नेमणूक करतात, सिनेट मान्यता देते आणि ती तहहयात असते.) त्यामुळे खटला कसा चालतो, सरकारी वकील कुठे ढिला पडला, हे ते असं सांगतात की कायद्याचा गंध नसलेल्या मलाही कुठे अडखळायला झालं नाही.

माझी तक्रार पुस्तकाच्या उपशीर्षकाशी आहे. त्यात वेअरिंग आणि राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची ‘जागृती’ झाली, असं म्हटलंय. ट्रुमनचं एक वेळ मान्य. वुडर्डची हकिगत ऐकल्यावर त्यांनी नागरी हक्कांसाठी समिती नेमली आणि १९४८मध्ये सैन्यातला वर्णभेद बंद करण्याचा आदेश काढला. पण वेअरिंग? कॉन्फेडरेट सैनिकाचा मुलगा, चार्ल्स्टनच्या जुन्या घराण्यातला, १९४२मध्ये न्यायाधीश झालेला. तो एका निकालाच्या धक्क्याने बदलला, हे सिनेमाला शोभेल. कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्यांइतका पगार मिळावा, या बाजूने ते १९४४मध्येच उभे राहिले होते. गर्गेल हेही सांगतात, पण पायरी म्हणून. कळस मात्र वुडर्डच्या खटल्याचा.

मला जास्त खरी वाटली ती नंतरची संथ गोष्ट. निकाल ऐकून पत्नी एलिझाबेथ रडत कोर्टाबाहेर पडल्या. त्यानंतर नवरा-बायको दोघं मिळून वर्णभेदावरची जाडजूड पुस्तकं वाचू लागले. साठी उलटलेला माणूस रात्री अभ्यासाला बसतो! गावाने याचा अर्थ आपल्या परीने लावला: पहिल्या बायकोला घटस्फोट देऊन दुसरं लग्न केलं, प्रतिष्ठित मंडळींनी वाळीत टाकलं, त्याचा राग काढतोय. गावगप्पांना पुरावा लागतो कुठे?

१९४७मध्ये त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची फक्त गोऱ्यांसाठीची प्राथमिक निवडणूक बेकायदा ठरवली. ‘आम्ही खाजगी क्लब आहोत’ हा पक्षाचा बचाव त्यांनी उडवून लावला. पुढे त्यांच्या घरावर दगड आले, अंगणात क्रॉस पेटवला गेला.

खरा पेच १९५०चा. क्लॅरेंडन काउंटीतल्या कृष्णवर्णीय पालकांचं मूळ मागणं साधं होतं: गोऱ्या मुलांना शाळेची बस मिळते, आमच्या मुलांनाही द्या. त्यातून शाळांच्या समान सोयींसाठी खटला उभा राहिला. वकील थर्गुड मार्शल. सुनावणीआधीच्या बैठकीत वेअरिंग यांनी त्यांना सुचवलं, हा दावा मागे घ्या, वेगळ्या शाळांच्या पद्धतीलाच आव्हान द्या. तसा खटला तीन न्यायाधीशांपुढे चालणार आणि अपील थेट सुप्रीम कोर्टात जाणार. त्या तिघांत स्वतः वेअरिंगही असणार होते.

इथे मी पुस्तक खाली ठेवलं. निवाडा करणाऱ्याने एका बाजूला चाल सुचवायची? हेच उद्या माझ्या विरोधी पक्षाच्या बाबतीत घडलं तर मी सहन करीन? गर्गेल हा प्रसंग लपवत नाहीत, पण धाडस म्हणून पुढे नेतात. त्यांच्यासारख्या बसत्या न्यायाधीशाने नेमकं इथेच थांबायला हवं होतं. माझं मत विचाराल तर वेअरिंग यांनी मर्यादा ओलांडली. आणि तरी त्यांच्या जागी मी ती ओलांडली नसती, असं छातीठोकपणे मला म्हणता येत नाही. फिरून येईपर्यंत निकाल लांबवणं, एवढंच ज्याच्या हातात उरलं होतं, त्या माणसाचं हे पुढचं पाऊल आहे.

१९५१मध्ये निकाल २-१ असा विरोधात गेला. वेअरिंग यांनी भिन्नमत लिहिलं: इमारती कितीही सारख्या करा, मुलांना वेगळं काढणं हीच विषमता आहे. पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि न्यूयॉर्कला निघून गेले. हा खटला ‘ब्राउन’मध्ये सामील झाला आणि १९५४मध्ये सुप्रीम कोर्टाने तीच दिशा घेतली.

त्या भिन्नमताची किंमत मात्र एकट्या न्यायाधीशाने मोजली नाही. हॅरी ब्रिग्ज यांचं नाव खटल्याला होतं; ते पेट्रोल पंपावर काम करत. त्यांची नोकरी गेली, पत्नी एलायझा यांचीही गेली. लोकांना एकत्र आणणारे पाद्री जोसेफ डिलेन यांचं घर जळलं. पुस्तकात ही माणसं आहेत, पण वेअरिंग आणि ट्रुमन यांच्या खांद्यांमागून डोकावतात. तहहयात नेमणूक असलेल्या माणसाच्या धैर्यावर आपण इतके भाळतो. ज्यांची नोकरी मालकाच्या मर्जीवर होती त्यांच्या धैर्यावरचं पुस्तक मला वाचायला आवडेल.

वेअरिंग १९६८मध्ये गेले. चार्ल्स्टनमधल्या त्यांच्या दफनविधीला कृष्णवर्णीय मंडळी शेकड्यांनी आली, गोरे बोटांवर मोजण्याइतके. २०१५मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाच्या इमारतीला त्यांचं नाव देण्यात आलं. त्याआधी तिथे माजी सिनेटर हॉलिंग्ज यांचं नाव होतं. ते काढून वेअरिंग यांचं लावा, असं सांगणारे खुद्द हॉलिंग्जच होते.