ग्रंथालयांचीं साहाय्यक मंडळें : एक परीक्षण

या पृष्ठांत बहुधा एखाद्या ग्रंथाचें परीक्षण येतें. प्रस्तुत टिपणांत आम्ही एका प्रथेचें परीक्षण करण्याचें योजिलें आहे. विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहास वेतन न घेतां हातभार लावणाऱ्या मंडळांची थोरवी त्यांनीं किती ग्रंथ मिळवून दिले यावरून मोजण्याची रीत आहे. आमच्या मतें हें माप अपुरें आहे. मिळालेली वस्तु कोणाची, कोठची व कोणत्या प्रसंगाची, हें मंडळानें संग्रहास कळविलें कीं नाहीं, हीच खरी कसोटी होय. नंदुरबार जिल्ह्यांतील चिंचपाड्यासारख्या गांवाकडे पाहिलें म्हणजे या कसोटीची निकड ध्यानांत येते.

प्रथा नवी नव्हे. ऑक्सफर्ड येथील बॉडलेचें ग्रंथालय १६०२ सालीं उघडलें; त्याच्या दात्यांचीं नांवें एका स्वतंत्र वहींत नोंदलेलीं आहेत. पुढें १९१३ सालीं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकरितां व १९२५ सालीं ऑक्सफर्डच्या याच ग्रंथालयाकरितां मित्रमंडळें निघालीं. वर्गणी जमवून दुर्मिळ ग्रंथ व हस्तलिखितें मिळवून देणें हें त्यांचें मुख्य काम.

महाराष्ट्रांत हीच वृत्ति निराळ्या वाटेनें प्रकट झाली. येथें स्वयंसेवक संग्रहाचे केवळ साहाय्यक न राहतां स्वतःच संग्राहक झाले. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें, पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालचें. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास निवर्तले. लागलीच १९२७ सालीं त्यांच्या चाहत्यांनीं तेथें राजवाडे संशोधन मंडळ उभें केलें. त्याच शहरीं शंकर श्रीकृष्ण देव यांनीं रामदासी वाङ्मयाचीं बाडें गांवोगांवाहून जमविलीं. या पुरुषांच्या उद्योगाविषयीं आम्हांस नितान्त आदर आहे; परंतु आदर म्हणजे परीक्षणास रजा नव्हे. त्यांचा शोध जेथें लेखन होतें तेथें गेला: सरदारांचे वाडे, देशपांडे-कुळकर्ण्यांचीं दप्तरें, मठ व देवळें. जेथें दप्तर नव्हतें तेथें पोंचण्याची वाट त्यांस सांपडली नाहीं.

चिंचपाडा हें अशांपैकींच एक गांव. तें नवापूर तालुक्यांत, सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे. या टापूंत मावची बोली चालते, आणि तेथील पूर्ववृत्त कागदावर नसून लोकांच्या मुखीं आहे. ग्रियर्सनच्या भाषापाहणीच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागांत, म्हणजे १९०७ सालीं, मावचीस भिल्ल बोलींच्या वर्गांत स्थान मिळालें. तथापि त्या पाहणीचा ठराविक नमुना म्हणजे बायबलांतील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचें भाषांतर. अशा नमुन्यावरून बोलीचें व्याकरण कळतें. बोलणाराच्या आजोबानें कोणती गोष्ट सांगितली हें कळत नाहीं.

स्थलनिर्देशाची अडचण तर याहून मोठी. हा मुलूख १९०६ पर्यंत खानदेश जिल्ह्यांत, नंतर पश्चिम खानदेशांत, पुढें धुळे जिल्ह्यांत व १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यांत मोडतो. एखाद्या गीतावर केवळ ‘खानदेशांतील लोकगीत’ असा शेरा मारून तें संग्रहांत घातलें, तर तें गाणाऱ्या बाईच्या नातवासही पुढें तें सांपडावयाचें नाहीं. वस्तु जतन झाली, पण तिचें गांव हरवलें, असा हा प्रकार होतो.

या जिल्ह्याचें विद्यापीठ जळगांवास आहे. तें १९९० सालीं स्थापन झालें व २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नांवानें ओळखलें जातें. जिच्या ओव्या आधीं मुखीं होत्या व मग इतरांनीं उतरून घेतल्या, तिचें नांव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयास मौखिक साधन परकें वाटूं नये. चिंचपाडा-नवापूर भागांतील शिक्षक व विद्यार्थी यांनीं साहाय्यक मंडळ काढल्यास त्यानें पुस्तकांच्या पेट्या पाठविण्याआधीं एक वही घालावी. सांगणाराचें नांव व पाडा, दिवस, डोंगऱ्या देवाचा उत्सव कीं होळी हा प्रसंग, मूळ मावची शब्द, उतरून घेणाराचें नांव व सांगणाराची संमति, एवढें तींत यावें. तसेंच एक प्रत गांवच्या शाळेंत राहावी. नाहीं तर संग्रह वाढेल आणि गांव रितें होईल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, अशिक्षित हातांनीं नोंदी चुकतील. चुकतील खऱ्या, परंतु चुकीची नोंद पुढें सुधारतां येते, न केलेली नोंद सांगणाराबरोबर जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: फुकट काम करणारे मिळाले म्हणजे संस्था पगारी ग्रंथपाल नेमण्याचें टाळते. हा धोका आम्हांस मान्य आहे. म्हणून वर्गीकरण, जतन व सूची हें ग्रंथपालाचें काम मंडळानें अंगावर घेऊं नये. गांवाकडून येणारी माहिती पुरविणें, जें ग्रंथपालास जळगांवीं बसून साधणार नाहीं, तेवढेंच त्यानें करावें.

५ जानेवारी २००४ रोजीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची नासधूस झाली, तेव्हां ग्रंथ व कागद पुन्हां लावण्यास बाहेरचे लोकही धांवून आले. संकटसमयींची ही धांव स्तुत्यच. परंतु विस्कटलेला संग्रह पुन्हां लावतां येतो तो आधींची सूची असते म्हणून. जें कधीं नोंदलेंच गेलें नाहीं, त्याचा नाश झाला हेंही कोणास कळत नाहीं. मावची बोलींतील वृत्तें सांगणारे वृद्ध दरसाल कमी होत आहेत. त्या हानीची वार्ता कोठेंही छापून येत नाहीं. साहाय्यक मंडळांनीं आपल्या कार्याचा अहवाल लिहितांना दिलेल्या ग्रंथांची संख्या खुशाल द्यावी. पण तिच्या आधीं, किती नोंदींवर गांवाचें व सांगणाराचें नांव आहे, ती संख्या द्यावी.