लिटल मॉर्टन हॉल : डौल आणि भार

इंग्लंडमधील काष्ठवास्तूंचा विषय निघाला, की चेशर परगण्यातील काँगल्टनजवळच्या लिटल मॉर्टन हॉलचे नाव हटकून घेतले जाते. खंदकाचे पाणी, काळीपांढरी नक्षी आणि कललेल्या भिंती पाहून रसिक मोहून जातात. परंतु हे कलणे म्हणजे निव्वळ शोभा नव्हे. त्यामागील कारण जाणल्याखेरीज या वास्तूचे मर्म कळत नाही.

सुमारे १५०४ ते १६१० या काळात मॉर्टन घराण्याच्या पिढ्यांनी हा वाडा टप्प्याटप्प्याने वाढवला. ओकचे खांब व तुळया खाच-कुसवाने सांधून सांगाडा उभारायचा आणि मधले चौकोन कुडाने भरायचे, ही मूळ रीत. भार पेलतो तो सांगाडा. भिंत केवळ आडोसा. अशा घराचे खरे कवित्व सुताराकडे असते. १५५९ मध्ये घडवलेल्या खिडक्यांवर विल्यम मॉर्टन या धन्याबरोबर रिचर्ड डेल या सुताराचेही नाव कोरलेले आहे, ही गोष्ट म्हणूनच मोलाची वाटते.

पुढे दक्षिणेकडील भागावर सुमारे ६८ फूट लांबीचे दालन चढवले गेले. त्याच्या छपरावरील दगडी फरश्यांचे ओझे खालच्या मजल्यांना सोसवेना, ते वाकले. बहुधा सतराव्या शतकात आडव्या तुळया घालून दालन सावरावे लागले. याच दालनाच्या दोन टोकांना गिलाव्यातील दोन आकृती आहेत. एक सांगते, नियतीवर ज्ञानाची सत्ता चालते. दुसरी सांगते, दैवाच्या चक्रावर अज्ञानाची. रॉबर्ट रेकॉर्डच्या १५५६ मधील खगोलविषयक ग्रंथावरून घेतलेला हा उपदेश वजनाचा अंदाज चुकलेल्या छपराखाली मिरवावा, याहून बोचरी टीका कोणता समीक्षक करील?

तरीही या वास्तूला सदोष म्हणून बाजूला सारता येत नाही. लाकूड वाकले, पण तुटले नाही, याचे श्रेय सांध्यांच्या लवचिकतेला आहे. उलट ज्या काळ्यापांढऱ्या रंगसंगतीवर आपण भाळतो, ती बरीचशी व्हिक्टोरियन अभिरुचीची देणगी मानली जाते. मूळचा ओक न रंगवता रुपेरी होऊ दिलेला असावा.

१९३८ मध्ये हा वाडा नॅशनल ट्रस्टकडे आला. जुनी वास्तू जतन करताना तिचे वाकणेही जपावे लागते. ती सरळ केली, तर इतिहासच पुसला जाईल. आधार दिला नाही, तर वास्तूच उरणार नाही. जतनाची खरी कसोटी या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवर लागते.