दोन जुन्या विज्ञानकादंबऱ्या : एक पुनर्वाचन

डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी पाठविली व पहिले पारितोषिक मिळविले, ही हकीगत मराठी वाचकांना परिचित आहे. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉइल हेही विज्ञानकादंबरीकार होते, याचे स्मरण मात्र क्वचितच होते. गतशतकाच्या मध्यावरील इंग्रजी विज्ञानकादंबऱ्यांकडे वळण्यास मराठी वाचकाला ही गुरुशिष्यांची वाट सोयीची आहे. त्या वाटेने जाऊन दोन कादंबऱ्यांचा परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

हॉइल यांची 'द ब्लॅक क्लाउड' १९५७ साली प्रसिद्ध झाली. अवकाशातून एक प्रचंड काळा मेघ येतो आणि सूर्याला झाकून टाकतो. पृथ्वीवर अंधार व गारठा पसरतो, असंख्य माणसे मरतात. पुढे शास्त्रज्ञांना कळते, की हा मेघ सजीव आहे, बुद्धिमान आहे. आणि एखाद्या ग्रहावर विचार करणारे प्राणी असावेत, याचेच त्याला नवल वाटते! महासत्ता त्याच्यावर अण्वस्त्रे सोडतात. किंग्जली हा नायक मेघाचे ज्ञान आपल्या मेंदूत सामावून घेऊ पाहतो, आणि ते न पेलल्यामुळे प्राणास मुकतो.

या कादंबरीतील यंत्रे आता कालबाह्य झाली आहेत. त्यातील गणकयंत्र कागदी फितीवर चालते. परंतु यंत्र जुने होणे म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगावयास नको. १८७७ साली सुरू झालेली आपली 'जुनी गिरणी' इतिहासजमा झाली, तरी श्रमाचे मोल कोणी ठरवावे, हा प्रश्न काही तिच्याबरोबर गेला नाही. कादंबरीचेही तसेच आहे. त्यातील राज्यकर्ते सरसकट मूर्ख रंगविले आहेत, स्त्रियांच्या वाट्याला फारसे काही आलेले नाही, संवाद अनेकदा वर्गातील व्याख्यानासारखे वाटतात. हे दोष मान्य करूनही मनुष्याच्या बुद्धीला मर्यादा आहे, हा तिचा आशय आजही मनाला भिडतो.

हॉइल धर्मश्रद्धेचे टीकाकार होते. ज्या विश्वोत्पत्तिसिद्धान्ताला त्यांनी १९४९ साली रेडिओवरील भाषणात 'बिग बँग' हे नाव दिले, त्याचे एक आद्य प्रवर्तक बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू जॉर्ज लमेत्र होते. तो सिद्धान्त हॉइल यांनी अखेरपर्यंत स्वीकारला नाही. तथापि त्यांचा सर्वज्ञ भासणारा मेघसुद्धा आपल्याहून श्रेष्ठ अशा बुद्धीचा शोध घेत असतो आणि त्या शोधापायीच शेवटी सूर्यमाला सोडून जातो. लेखकाची श्रद्धा नसली, तरी त्याच्या कल्पनेने हे दार बंद केले नाही, असे आम्हांस वाटते.

दुसरी कादंबरी वॉल्टर मिलर यांची 'अ कँटिकल फॉर लीबोविट्झ'. कँटिकल म्हणजे स्तोत्र. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी इटलीतील मोंते कासिनोचा मठ बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात स्थापिलेल्या त्या मठावर बाँब टाकणाऱ्या वैमानिक दलात मिलर होते. युद्धानंतर त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, आणि १९५९ साली ही कादंबरी आली.

तिच्यात अणुयुद्धानंतरचे जग आहे. संतापलेले लोक विद्वानांना ठार मारतात, ग्रंथ जाळतात. अमेरिकेच्या वाळवंटातील एका मठातले मठवासी उरलीसुरली पाने जपतात, त्यांच्या नकला करतात. फ्रान्सिस नावाचा साधा बंधू, ज्याचा अर्थ त्याला कळत नाही अशा एका विद्युत आराखड्याची सोनेरी वेलबुट्टीने सजविलेली प्रत करण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घालवितो. हे प्रकरण वाचताना आम्हांस 'ख्रिस्तपुराणा'चे स्मरण झाले. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या या मराठी महाकाव्याच्या १६१६, १६४९ व १६५४ सालच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. भाविकांनी हातांनी उतरविलेल्या पोथ्यांमुळेच ते काव्य आपल्यापर्यंत पोहोचले.

परंतु मिलर केवळ जतनाचा गौरव करून थांबत नाहीत. मठाने राखलेल्या ज्ञानातून शतकांनंतर पुन्हा दिवा पेटतो, आणि पुन्हा अणुबाँबही तयार होतो. ज्ञान राखले, पण अंतःकरण पालटले नाही, तर काय होते, हाच या कादंबरीचा गाभा आहे.

अखेरच्या भागात किरणोत्साराने होरपळलेल्या एका मातेला व तिच्या बालिकेला वेदनामुक्त मरण द्यावे, असे डॉक्टर म्हणतो. मठाधिपती विरोध करतो. लेखकाने डॉक्टरच्या करुणेला पुरेपूर न्याय दिला आहे. मठाधिपती वादात जिंकत नाही. पुढे तो स्वतः ढिगाऱ्याखाली सापडतो, आणि जे दुसऱ्याला सांगितले ते स्वतः सोसतो. आमच्या मते कादंबरीतील सर्वांत सच्ची पाने हीच होत.

या लेखकाने १९९६ साली, पत्नीच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, आत्महत्या केली. त्यावरून कोणी ही पाने खोटी ठरवू नयेत. दुःखाने माणूस किती खचतो, हे ज्याला ठाऊक होते, त्यानेच ती लिहिली आहेत. अशा आत्म्यांच्या तारणाविषयी आशा सोडू नये, असे ख्रिस्तसभा शिकविते आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करते.

विज्ञानकथा म्हणजे पोरखेळ, किंवा श्रद्धेला धोका, अशी समजूत आपल्या काही कुटुंबांत आढळते. त्या पालकांना आमची विनंती आहे : महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींबरोबर मिलर यांचा हा अखेरचा भाग वाचावा, आणि डॉक्टरची बाजू मुलांना मोकळेपणाने मांडू द्यावी. असे प्रसंग आजच्या घरांत आणि रुग्णालयांतही येतात. त्यांवर घरात आधी शांतपणे बोलणे झालेले असेल, तर त्या घडीला आधार वाटेल.