गुण आला, पण कशाने?

ताय-ची या संथ चिनी व्यायामाने ‘ची’ ही प्राणशक्ती शरीरात खेळू लागते, असे अनेक ताओपंथी साधक मानतात. आधाराला प्रयोगांचे दाखलेही देतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील प्रयोग पाहू. कंपवाताच्या १९५ रुग्णांचे तीन गट केले होते. २४ आठवड्यांनी ताय-ची गटाचा तोल, अंग ताणण्याचे वा स्नायुबळाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला. पडण्याचे प्रमाण मात्र स्नायुबळाच्या गटापेक्षा लक्षणीय कमी नव्हते.

गुण खरा, पण ‘ची’ कोणी मोजली? गुडघे किंचित वाकवून शरीराचा भार सावकाश एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याचा हा सराव. त्याचे श्रेय प्राणशक्तीला देणे आम्हांला मान्य नाही. कशाने गुण आला, याला वेगळा पुरावा लागतो, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.