कबुली मिळाली, आकडा मिळाला नाही

पृथ्वी शॉ या विरारच्या मुलाचे नाव शाळाशाळांतून गाजले ते नोव्हेंबर २०१३ मध्ये. हॅरिस ढाल स्पर्धेत त्याने एका डावात ५४६ धावा काढल्या होत्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत त्याने शतक केले, तेव्हा त्याला एकोणीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आणि ३० जुलै २०१९ रोजी क्रिकेट मंडळाने जाहीर केले की, त्याच्या लघवीच्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे बंदी असलेले द्रव्य सापडले असून त्याला आठ महिन्यांसाठी निलंबित केले आहे. शॉने निवेदन काढून ते मान्य केले. फेब्रुवारीत इंदूरला मुश्ताक अली स्पर्धा खेळताना जबर सर्दी-खोकला झाला होता, पायाच्या दुखापतीनंतर मैदानात परतण्याची घाई होती, त्या भरात साधे खोकल्याचे औषध घेतले आणि नियमाकडे दुर्लक्ष झाले, असे त्याचे म्हणणे.

कर्जत-खालापूर भागातल्या शिक्षकांशी या प्रकरणावर बोलताना मला दोनच मते ऐकू येतात. एक, ‘बिचारा पोरगा, खोकल्याच्या औषधापायी अडकला.’ दुसरे, ‘पकडले गेले की सगळे असेच सांगतात.’ दोन्ही मते माणसाच्या स्वभावाबद्दल आहेत. चाचणीने नेमके काय दाखवले, हा प्रश्न दोन्हींत येत नाही, आणि विज्ञान शिकवणाऱ्यांना तोच आधी पडायला हवा.

टर्ब्युटालिन हे श्वासनलिका रुंदावणारे औषध आहे. श्वासनलिकेभोवतीच्या स्नायूंच्या पेशींवर ‘बीटा-२’ नावाचे ग्राही असतात. टर्ब्युटालिनचा रेणू त्यांना चिकटला की स्नायू सैल पडतात, नळी मोकळी होते आणि दम्याच्या रोग्याला श्वास घेता येतो. पण हेच ग्राही हातापायांच्या स्नायूंवरही असतात. याच गटातले क्लेनब्युटेरॉल जनावरांचे मांस वाढवण्यासाठी वापरले गेले आहे. म्हणून हा सगळा गटच बंदीच्या यादीत आहे. त्यातल्या साल्ब्युटामॉलला थोडी सवलत आहे. ते ठरावीक मात्रेत हुंगून घेतलेले चालते आणि लघवीत एका मिलिलिटरला १००० नॅनोग्रॅमपर्यंत सापडले तरी खेळाडूला सहसा दोषी धरत नाहीत. टर्ब्युटालिनला अशी मर्यादा ठेवलेली नाही. आधी रीतसर परवानगी घेतली नसेल, तर सापडले की गुन्हा झाला. ते शरीरात कसे आले, हा प्रश्न फक्त शिक्षा ठरवताना येतो.

म्हणजे चाचणी एवढेच सांगते की अमुक रेणू शरीरात होता. हेतू लघवीत उतरत नाही. उलट बाजूने पाहा. अमेरिकेचा सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याने जानेवारी २०१३ मध्ये दूरदर्शनवरील मुलाखतीत कबूल केले की, त्याने सातही ‘टूर द फ्रान्स’ शर्यती उत्तेजके घेऊन जिंकल्या होत्या. एरिथ्रोपोएटिन, टेस्टोस्टेरॉन, रक्त चढवणे, सगळे केले होते. तोवर तो शेकडो चाचण्यांतून सुटला होता आणि त्या निकालांकडे बोट दाखवून वर्षानुवर्षे इतरांना खोटे ठरवत होता. चाचणीत सापडला नाही म्हणून निर्दोष, हे जसे चूक, तसेच सापडला म्हणून लबाड, हेही चूक.

मग खरेखोटे कधीच कळत नाही का? पुष्कळदा कळते. मुंबईत वाढलेला मल्ल आणि तीन वेळचा महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव २०१६ मध्ये मेथॅंडियेनोन या स्टेरॉइडसाठी दोषी आढळला. त्याने कबुली दिली नाही. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी भेसळ केली, असे त्याने सांगितले आणि आपल्या राष्ट्रीय संस्थेने ते मानलेही. पण रिओ ऑलिंपिकमध्ये त्याची कुस्ती व्हायच्या आदल्या दिवशी क्रीडा लवादाने ते फेटाळून चार वर्षांची बंदी घातली. तज्ज्ञांचे मत असे होते की, नमुन्यात सापडलेले प्रमाण पाण्यात भुकटी मिसळल्याचे नव्हे, तर एक-दोन गोळ्या घेतल्याचे दिसते. किती सापडले आणि केव्हा घेतले, या दोन गोष्टींवरून माणसाची कहाणी तपासता येते.

शॉच्या प्रकरणात माझी तक्रार येथे आहे, आणि ती शॉविरुद्ध नाही. बाहेरच्या तज्ज्ञाचा सल्ला घेऊन आम्ही त्याचे स्पष्टीकरण स्वीकारले, असे मंडळाने म्हटले. पण पत्रकात प्रमाणाचा आकडा नाही, आणि तज्ज्ञाने काय पडताळले तेही नाही. कबुली खरी असेलही. मला ती असंभाव्य वाटत नाही. पण ती मान्य करा असे सांगणाऱ्याने आकडा दाखवायला हवा होता.

तारखा तर आणखी बोलक्या आहेत. नमुना २२ फेब्रुवारीचा, आरोप ठेवला १६ जुलैला. उशीर आणि तत्काळ कबुली यांचा विचार करून निलंबन मागे नेले, ते १६ मार्चपासून मोजले आणि १५ नोव्हेंबरला संपवले. म्हणजे आरोप ठेवला त्या दिवशी निम्मी शिक्षा भोगून झाली होती! कागदोपत्री ‘निलंबित’ असलेला शॉ ३० मार्चला दिल्लीकडून कोलकात्याविरुद्ध ९९ धावांवर बाद झाला. मागे नेण्याची तरतूद नियमात होती, हे खरे. पण तपास करणारे, आरोप ठेवणारे आणि शिक्षा ठरवणारे एकच मंडळ होते. ते राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या कक्षेत यायला तयार झाले ते ९ ऑगस्ट २०१९ ला.

याच टर्ब्युटालिनपायी बडोद्याच्या युसुफ पठाणला पाच महिन्यांची शिक्षा झाल्याचे मंडळानेच जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले होते. तेव्हाही कारण खोकल्याचे औषधच होते. एक वर्ष उलटले आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला ते कोणी सांगितलेले नव्हते, किंवा त्याच्या कानावरून गेले होते. निवेदनात शॉने इतर खेळाडूंना सावध केले. ते काम मंडळाचे होते.

आपल्याकडे पावसाळ्यात प्रत्येक वर्गात चारपाच मुले खोकत असतात. चिठ्ठीशिवाय देऊ नये असे छापलेली बाटली औषधाच्या दुकानात नाव सांगताच मिळते. एखाद्या ठाकरवाडीतली मुलगी धावण्यात राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेली आणि तिचा नमुना घेतला, तर नियम तिलाही तोच आहे. बाहेरच्या तज्ज्ञाचा सल्ला मात्र तिला कोण मिळवून देणार? शाळेत रिकाम्या बाटल्या गोळा करून मुलांना मागचा मजकूर वाचायला लावणे सहज जमेल. काहींवर ब्रोमहेक्झिन आणि ग्वायफेनेसिन यांच्या शेजारी बारीक अक्षरांत टर्ब्युटालिन सल्फेट आढळेल, दर ५ मिलिलिटरला बहुधा १.२५ मिलिग्रॅम. काहींवर डेक्स्ट्रोमेथॉर्फन असेल, ते बंदीच्या यादीत नाही. पुढच्या बाजूला दोन्हींवर ‘कफ सिरप’ एवढेच असते.