संस्थारचनेतील परिवर्तनाचे नियमन : ‘टोगॅफ’मधील एका निकषाची चिकित्सा

१

मोठ्या संस्थेचा कारभार आज संगणकप्रणालींच्या आधारे चालतो, आणि या प्रणाली एकमेकींपासून अलग नसतात. बँकेची खातेवही, कर्जविभागाच्या नोंदी, ग्राहकांची सूची आणि संचालकांपुढे जाणारा अहवाल ही सारी परस्परांवर अवलंबून असतात. एका ठिकाणी केलेल्या बदलाचे परिणाम दुसरीकडे कोठे उमटतील, हे बदल करणाऱ्याच्या ध्यानात येतेच असे नाही. संस्थेची कामे, तिची माहिती, तिच्या प्रणाली व यंत्रसामग्री या सर्वांचा एकत्र आराखडा करून त्यांतील परिवर्तनाचे नियमन करू पाहणारी जी विद्या गेल्या सुमारे चार दशकांत उदयास आली, तिला ‘एंटरप्राइझ आर्किटेक्चर’ असे म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘संस्थारचना’ हा शब्द योजला आहे. जॉन झाकमन यांनी १९८७ साली ‘आय. बी. एम. सिस्टिम्स जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधापासून या विद्येचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने तयार केलेल्या एका आराखड्याच्या पायावर ‘दि ओपन ग्रुप’ या संघटनेने १९९५ साली ‘टोगॅफ’ची पहिली आवृत्ती काढली, तिची दहावी आवृत्ती २०२२ साली प्रसिद्ध झाली. भारत सरकारनेही २०१८ साली शासकीय खात्यांसाठी ‘इंडईए’ नावाचा संस्थारचनेचा आराखडा प्रसिद्ध केला. तेव्हा हा विषय केवळ परदेशी व्यापारी पेढ्यांचा राहिलेला नाही.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने अशा ग्रंथाकडे का वळावे, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, संस्थेच्या प्रणाली एकमेकींशी ज्या साधनाने व्यवहार करतात ते साधन चिन्हांचे असते. नोंदीतील रकाना, त्यातील संकेतांक, एका प्रणालीने दुसरीला दिलेली खूण ही सर्व चिन्हेच होत. त्यांना रूप असते आणि अर्थ असतो. चिन्हांच्या व्यवस्थेत परिवर्तन कसे घडते, हा तर भाषाशास्त्राचा जुनाच विषय आहे. त्या शास्त्राच्या दृष्टीने पाहता ‘टोगॅफ’च्या परिवर्तनविषयक विवेचनात एक महत्त्वाची उणीव आढळते. ती दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

‘टोगॅफ’ने सांगितलेली कार्यपद्धती चक्राकार आहे. प्रारंभिक तयारीनंतर ‘ए’पासून ‘एच्’पर्यंत आठ टप्पे येतात. पैकी ‘जी’ हा अंमलबजावणीवरील देखरेखीचा आणि ‘एच्’ हा परिवर्तनाच्या व्यवस्थापनाचा टप्पा होय. रचनेवर अधिकार चालविण्यासाठी एक रचनामंडळ असावे. प्रत्येक प्रकल्प मान्य रचनेशी कितपत जुळतो याची तपासणी व्हावी. आणि जो जुळत नाही त्याला, कारण सबळ असल्यास, मुदतबंद सूट द्यावी, अशी ही व्यवस्था आहे. या सुटीला ग्रंथात ‘डिस्पेन्सेशन’ म्हटले आहे. ख्रिस्ती धर्मपीठाच्या विधिनियमांत, एखाद्या व्यक्तीला नियमाच्या बंधनातून विशिष्ट प्रसंगी मुक्त करण्यासाठी हा शब्द रूढ आहे. शब्दाची ही निवड अर्थपूर्ण आहे. नियम मोडला तरी नियमाची सत्ता अबाधित राहावी, ही दृष्टी तीतून व्यक्त होते.

परिवर्तनाचे ग्रंथाने तीन वर्ग केले आहेत. पहिला सुलभीकरणाचा, दुसरा क्रमशः वाढीचा आणि तिसरा पुनर्रचनेचा. या वर्गांचे लक्षण आर्थिक भाषेत सांगितले आहे. गुंतवणूक कमी करण्याच्या निकडीतून बहुधा सुलभीकरण उद्भवते. असलेल्या गुंतवणुकीतून अधिक मूल्य मिळविण्याच्या इच्छेतून वाढ होते. आणि नवे मूल्य निर्माण करण्यासाठी गुंतवणूक वाढवावी लागते तेव्हा पुनर्रचना होते. कोणता बदल कोणत्या वर्गात घालावा याचा एक व्यवहारोपयोगी निकषही दिला आहे. बदलाचा परिणाम दोन किंवा अधिक हितसंबंधीयांवर होत असेल तर पुनर्रचनेची, म्हणजे सर्व चक्र पुन्हा फिरविण्याची, आवश्यकता संभवते. एकाच हितसंबंधीयावर होत असेल, अथवा बदल सुटीखाली बसत असेल, तर साध्या व्यवस्थापनाने काम भागते.

हा निकष अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. प्रत्येक लहानसहान बदल मंडळापुढे नेला तर मंडळाचे काम ठप्प होईल आणि लोक मंडळाला वळसा घालून बदल करू लागतील. निवडीची काही चाळणी हवी, आणि ती सामान्य कारकुनालाही वापरता यावी, इतपत ग्रंथकारांची भूमिका रास्त आहे. शिवाय माहितीच्या रचनेचा विचार करताना ग्रंथ माहितीघटकांची सूची व व्याख्या यांचा आग्रह धरतो, हेही नमूद केले पाहिजे. प्रश्न आहे तो असा की, व्याख्या आराखड्याच्या वेळी होतात आणि परिवर्तन त्यानंतर होते. परिवर्तनाच्या प्रसंगी ज्या दोन गोष्टी मोजण्यास सांगितले आहे, म्हणजे पैसा आणि हितसंबंधी, त्यांत चिन्हाच्या अर्थाला स्थान नाही.

३

अर्थ बदलतो तेव्हा रूप बदलतेच असे नाही, हे मराठीच्या अभ्यासकाला निराळे सांगण्याचे कारण नाही. ‘कुटुंब’ हा शब्द मागील पिढ्यांत ‘पत्नी’ या अर्थी सर्रास वापरला जाई. ‘त्यांचे कुटुंब माहेरी गेले’ या वाक्याने त्या वेळी कोणाचा गोंधळ होत नसे. आजच्या तरुण वाचकाला त्यातून घरची सारी माणसे गेल्याचा बोध होईल. शब्दाचे लेखन तेच, उच्चार तोच. अर्थ मात्र कोणाच्याही ठरावावाचून सरकला. एकाच काळातही हा शब्द एकार्थी नाही. जनगणनेच्या दृष्टीने एका स्वयंपाकघरातून जेवणारा समूह हे कुटुंब. प्राप्तिकराच्या कायद्यातील ‘अविभक्त हिंदू कुटुंब’ हा कर आकारण्याचा एक घटक. दोन खात्यांच्या प्रणाली उद्या एकमेकींना जोडल्या आणि दोहोंतही ‘कुटुंब’ नावाचा रकाना असला, तर जोडणी तांत्रिक दृष्ट्या निर्दोष होईल आणि तिच्यातून निघालेली बेरीज चुकीची असेल.

बोलीभाषेत असे अर्थांतर सहसा घातक ठरत नाही; ऐकणारा संदर्भावरून अर्थ सुधारून घेतो आणि शंका आल्यास विचारतो. संगणकप्रणालीला ही सोय नाही. तिला चिन्हाचा जो अर्थ एकदा शिकविला, त्याच अर्थाने ती ते चिन्ह ऐकते. म्हणून बोलीपेक्षाही येथे अर्थांतरावर नजर ठेवण्याची अधिक गरज आहे. याचे एक उदाहरण सार्वजनिक नोंदीत तपशीलवार उपलब्ध आहे.

४

अमेरिकेतील ‘नाइट कॅपिटल’ ही रोख्यांचा व्यवहार करणारी पेढी. तिच्या प्रणालीत ‘पॉवर पेग’ नावाचा एक जुना भाग होता. २००३ साली त्याचा वापर थांबला, परंतु तो प्रणालीतून काढून टाकण्यात आला नाही. २०१२ साली न्यूयॉर्क शेअरबाजाराने किरकोळ गुंतवणूकदारांसाठी नवी योजना आणली, तेव्हा पेढीने तिच्यासाठी नवा भाग लिहिला आणि तो चालू करण्याकरिता नवी खूण न घेता ‘पॉवर पेग’ चालू करणारी जुनीच खूण योजली. हा नवा भाग आठ संगणकांवर चढवायचा होता. एक संगणक नजरचुकीने राहून गेला.

१ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडला. त्याच खुणेने आलेल्या आज्ञा सात संगणकांनी नव्या अर्थाने ऐकल्या आणि आठव्याने जुन्या अर्थाने. मागणी पुरी झाली हे ओळखून थांबण्याची जुन्या भागाची सोय पूर्वीच्या एका फेरफारात निकामी झाली होती; त्यामुळे तो आज्ञा पाठवीतच राहिला. सुमारे ४५ मिनिटांत १५४ रोख्यांमध्ये चाळीस लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि पेढीला ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा आला. बिघाड शोधण्याच्या घाईत कर्मचाऱ्यांनी नवा भाग उरलेल्या सात संगणकांवरून काढून टाकला. परिणाम उलटाच झाला : आता आठही संगणक ती खूण जुन्या अर्थाने ऐकू लागले. बाजार उघडण्यापूर्वीच प्रणालीने ‘पॉवर पेग’चा नामोल्लेख असलेले ९७ संदेश कर्मचाऱ्यांना पाठविले होते, परंतु त्यांवर कोणीही कृती केली नाही. अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगाने २०१३ साली या प्रकरणी १ कोटी २० लाख डॉलरांचा दंड केला.

ही पेढी ‘टोगॅफ’च्या पद्धतीने चालत होती असे येथे सुचवावयाचे नाही. प्रश्न निराळा आहे. जुनी खूण नव्या कामाला लावण्याचा हा बदल उपरोक्त निकषाच्या चाळणीत घातला असता, तर काय झाले असते? बदल पेढीच्या स्वतःच्या प्रणालीतील. खूण एकाच गटाच्या ताब्यातील. जुना भाग वापरातून गेलेला, म्हणून त्याचा कोणी हितसंबंधी उरलेला नाही. खर्च नगण्य, किंबहुना नव्या खुणेचा खर्च वाचविणारा. पैसा व हितसंबंधी या दोन्ही मापांनी हा बदल पहिल्या वर्गात पडतो. रचनामंडळापुढे तो येण्याचे कारणच उरत नाही.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की, अनर्थाचे कारण आठवा संगणक राहून गेला हे आहे, खुणेचा अर्थ बदलला हे नव्हे. आक्षेपात तथ्य आहे. तपासणीसाठी दुसरा माणूस नेमलेला नव्हता, हा दोष आयोगानेही नोंदविला. तथापि माणसाच्या हातून विसर पडणे हे अपवादात्मक नाही, आणि रचनेचे नियमन हे विसराळू माणसे गृहीत धरूनच करावे लागते. खूण नवी असती तर मागे राहिलेल्या संगणकाला ती अपरिचित ठरली असती, आणि न समजलेल्या चिन्हाने ‘पॉवर पेग’ जागा झाला नसता. चूक घडलीच असती. ती चुकीच्या अर्थबोधाची राहिली नसती, अबोधाची राहिली असती. या दोहोंतील अंतर येथे ४६ कोटी डॉलरांचे ठरले.

५

अर्थाला केंद्रस्थानी ठेवून परिवर्तनाचे नियमन करता येते काय? जगातील लिपींना संकेतांक देणाऱ्या ‘युनिकोड’च्या व्यवस्थेने ते करून दाखविले आहे, आणि तेही ठेच लागल्यानंतर. १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत कोरियन लिपीची हजारो अक्षरे जुन्या स्थानांवरून उचलून नव्या स्थानी नेण्यात आली. त्यांच्या रिकाम्या जागी पुढे चिनी मूळ असलेली अक्षरे बसविली गेली. जुन्या पद्धतीने लिहिलेला कोरियन मजकूर नव्या प्रणालीने वाचला तर निराळ्याच लिपीतील अक्षरे दिसावीत, असा हा प्रकार. त्यानंतर युनिकोडने नियम स्वीकारला की, एकदा दिलेला संकेतांक हलवायचा नाही, काढायचा नाही आणि दुसऱ्या अक्षराला द्यायचा नाही. अक्षराच्या अधिकृत नावात लेखनदोष राहिला तरी ते नाव तसेच ठेवून शुद्ध रूप पर्यायी नाव म्हणून जोडले जाते.

मराठीला या धोरणाचा प्रत्यक्ष अनुभव आहे. ‘ॲ’ हे अक्षर मराठीत ‘अ’वर चंद्र देऊन लिहितात, हिंदीत त्या जागी ‘ए’वर आधारलेले ‘ऍ’ हे रूप होते व त्याला संकेतांक होता. त्याच संकेतांकाचे रूप मराठीपुरते बदलण्याचा मार्ग न पत्करता २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, मराठीच्या अक्षराला स्वतंत्र संकेतांक देण्यात आला. जुन्या चिन्हाचा अर्थ अबाधित राहिला.

या धोरणाची किंमतही सांगितली पाहिजे. तत्पूर्वी ‘अ’ आणि चंद्र ही दोन चिन्हे जोडून हेच अक्षर लिहिले जाई. तसा मजकूर वाचकाच्या डोळ्यांना नव्या लेखनासारखाच दिसतो, परंतु संगणकाच्या लेखी दोन्ही भिन्न असतात. एकाच्या शोधात दुसरे सापडत नाही. ग्रंथालयाच्या सूचीत ‘ॲरिस्टॉटल’ दोन ठिकाणी विभागला जाण्याची शक्यता यातूनच उद्भवते. स्थैर्याच्या नियमाने चुकीचा अर्थबोध टळतो. द्विरुक्ती व अडगळ वाढते. कोणता दोष सोसावयाचा याचा निर्णय मात्र युनिकोडने जाणीवपूर्वक घेतला आहे, आणि नियमन म्हणावयाचे ते यालाच. अडगळ पुढे सवडीने आवरता येते. चुकीच्या अर्थाने आधीच वाचल्या गेलेल्या आज्ञा परत घेता येत नाहीत.

६

‘टोगॅफ’चा निकष टाकून द्यावा, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. पैसा व हितसंबंधी यांच्या जोडीला तिसरा प्रश्न विचारला जावा, एवढेच सुचवावयाचे आहे : या बदलाने एकापेक्षा अधिक श्रोते असलेल्या एखाद्या चिन्हाचा अर्थ बदलतो काय? श्रोते मोजताना वापरातून गेलेले परंतु अद्याप काढून न टाकलेले भाग धरावेत; आणि जुन्या नोंदी ज्याला उद्या वाचावयाच्या आहेत तो वाचकही धरावा. या अर्थाने ‘पॉवर पेग’चा हितसंबंधी कोणी उरला नव्हता, पण श्रोता उरला होता. उत्तर होकारार्थी असेल, तर बदल कितीही स्वस्त असला आणि तो एकाच गटाचा असला, तरी तो मंडळापुढे यावा. आणि सर्वसाधारण नियम म्हणून नव्या अर्थाला नवे चिन्ह द्यावे.

शासकीय खात्यांच्या नोंदी परस्परांशी जोडण्याचे काम भारतात चालू आहे. तेथे ‘कुटुंब’, ‘रहिवासी’, ‘शेतकरी’ अशा शब्दांचे रकाने एकमेकांसमोर येतील, आणि त्यांच्या अर्थावर नागरिकाला मिळणारा लाभ अवलंबून राहील. शेअरबाजारातील पेढीचा तोटा तिच्या भागधारकांना तरी लगेच कळला. ज्याचे नाव अर्थांतरामुळे यादीतून गळेल, त्याला ते का गळले हे सांगणारा कोणीच नसेल, कारण कोणत्याही कागदावर कसलाही बदल झाल्याची नोंद नसेल. रचनामंडळात अभियंता व हिशेबनीस यांच्याबरोबर शब्दार्थाचा विचार करणारा माणूस असावा, ही मागणी म्हणूनच भाषाशास्त्राच्या अभिमानातून केलेली नाही.