नरकात संपणारी सहल

लहान मुलांसाठी बांधलेल्या करमणुकीचा शेवट बसणाऱ्याच्या मरणात आणि थेट नरकात व्हावा, आणि ही करामत डिस्नेच्या नावावर जमा असावी, हे सांगून खरं वाटत नाही. 'मिस्टर टोड्स वाइल्ड राइड' मात्र अगदी तशी आहे. 1955 साली कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड उघडलं, त्या पहिल्या दिवसापासूनच्या राइड्सपैकी ही एक. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये तिची बहीण 1971 साली आली आणि 7 सप्टेंबर 1998 रोजी बंद झाली. जुन्या राइड पाडाव्यात की राखाव्यात, हा वाद थीम पार्कच्या चाहत्यांमध्ये पेटला की टोडचं नाव हमखास निघतं. ते का निघतं, हे कळायला राइड नीट वाचावी लागते.

मूळ कथा केनेथ ग्रॅहम यांच्या 1908 सालच्या 'द विंड इन द विलोज'मधली. मोटारींच्या नादाने घरदार धुळीला मिळवायला निघालेला हा एक श्रीमंत, उनाड बेडूक. डिस्नेने 1949 साली त्यावर चित्रपट काढला. राइड रचणाऱ्यांनी कथेतली एकच गोष्ट मनापासून उचलली, ती म्हणजे बेदरकारपणा. आणि मूळ कल्पना अशी की टोड दाखवायचाच नाही. गाडीत बसलेले तुम्ही, तेच टोड. शेजारच्या स्नो व्हाइट आणि पीटर पॅनच्या राइडमध्येही आधी हीच रीत होती. पुढे 1983 च्या नूतनीकरणात तिथे नायक-नायिकेच्या बाहुल्या आल्या.

आता कॅलिफोर्नियातल्या गाडीत बसू. समोर स्टीअरिंग आहे. ते गरागरा फिरतं आणि त्याने काहीही होत नाही. गाडी रुळावरून जायची तिथेच जाते. पोरं जीव तोडून ते फिरवतात. ताबा आपल्या हातात आहे या भ्रमावर अख्खा टोड उभा आहे, आणि तो भ्रम इथे शब्दाविना तुमच्या हातात दिला जातो.

मग वाचनालय, शेकोटी, घाट, स्फोटकांचं गोदाम. सगळं बहुतांशी सपाट फळ्यांवर रंगवलेलं, काळोखात अतिनील दिव्याखाली झळाळणारं. दर वेळी गाडी समोरच्या दारावर आदळणार असं वाटतं आणि शेवटच्या क्षणी दार फटकन उघडतं. वळणं इतकी आखूड की पुढचं दृश्य आधी दिसतच नाही. जागेची टंचाई लपवायची ही युक्ती, पण तिच्यातून घाई नावाचा अनुभव तयार होतो. खरं तर गाडी फार वेगात नसतेच. वेग आहे तो मांडणीत.

पुढे न्यायालय. न्यायाधीश तुम्हाला दोषी ठरवतो. तिथून अंधाऱ्या बोगद्यात, रुळांवर. समोरून इंजिनाचा दिवा, शिट्टी, आणि धडक. त्यानंतरचं दालन लालभडक आहे, उबारा अंगाला जाणवतो आणि छोटे सैतान खिदळत असतात. हा नरक ग्रॅहमच्या पुस्तकात नाही, चित्रपटातही नाही. तो राइडचा स्वतःचा. आपल्या रसशास्त्रात हास्य आणि भयानक हे परस्परविरोधी रस मानले जातात. इथे ते एकाच दालनात नांदतात आणि एकमेकांना धार देतात. उपदेश नाही, पश्चात्ताप नाही, सुटकेचं दृश्य नाही. दार उघडतं, उजेड येतो, उतरा! सगळा खेळ जेमतेम दोन मिनिटांचा.

फ्लोरिडाच्या राइडमध्ये आणखी एक गंमत होती. तिथे दोन वेगवेगळे मार्ग होते, दोन्हींवरची दृश्यं थोडी निराळी. म्हणजे एकदा बसून राइड पुरी होत नसे. कॅलिफोर्नियाची राइड शाबूत आहे, मग रडता कशाला, असं म्हणणाऱ्यांना चाहत्यांचं हेच उत्तर असतं, आणि ते बिनतोड आहे. गेला तो स्वतंत्र पाठ होता, झेरॉक्स नव्हे.

1997 च्या अखेरीस बंद होण्याची कुणकुण लागली तेव्हा चाहते घोषणा छापलेले टीशर्ट घालून पार्कात जमले, पत्रं धाडली. कंपनी बधली नाही. 1999 साली त्या जागी विनी द पू या अस्वलाची राइड आली. आत एका चित्रात टोड घराची कागदपत्रं पूच्या गोष्टीतल्या घुबडाच्या हवाली करताना दिसतो. थट्टा म्हणून झकास, पण यात हरलेल्यालाच विनोदात सामील करून घेण्याचा धूर्तपणाही आहे.

पलीकडची बाजू दुबळी नाही. टोड किती मुलांना ठाऊक होता? पू घराघरांतला. शिवाय पार्क कधीच पूर्ण होणार नाही, ही तर खुद्द वॉल्ट डिस्नेंची भूमिका. पू म्हणजे पडती बाजू असंही नाही. टोकियो डिस्नेलँडमध्ये 2000 साली याच पूची 'हनी हंट' आली. तिथे बसायच्या गाड्या म्हणजे मधाची मडकी, ती रुळांशिवाय फिरतात, एकमेकांना हुलकावण्या देतात. अस्वलाच्या भरकटलेल्या स्वप्नाला त्याहून नेमकं रूप सुचणं कठीण. फ्लोरिडाच्या पूमध्ये मडकी टिगर वाघोबाबरोबर उड्या मारतात, पुरात डोलतात, हे छान. पण पुस्तकाची भली मोठी पानं ओलांडून आत गेलेले तुम्ही पाहुणेच राहता. टोडमध्ये गुन्हा तुमचा असतो, शिक्षाही तुम्हालाच.

म्हणून या वादाला 'जुनं विरुद्ध नवं' म्हणणं मला पटत नाही. निव्वळ बालपणाची हळहळ म्हणून चाहत्यांना उडवून लावणंही नाही. त्यांच्यातले जाणकार समीक्षकाचंच काम करत असतात: बसणाऱ्याला काय भूमिका दिली होती, आणि आता काय दिली, हे ते तपासतात. लोकप्रियता रांगेच्या लांबीवर मोजता येते, भूमिका नाही. एखादी राइड पाडायला माझी हरकत नाही. फक्त तिच्या जागी येणारीने बसणाऱ्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी. टोकियोच्या पूने ती ठेवली. फ्लोरिडाच्या पूने टोडची जागा घेतली, त्याचं धाडस मात्र घेतलं नाही.